सेकंडहँड गाडी बघायला जाताय? इंजिन गार असताना बघा

माझी पहिली सेकंडहँड गाडी बघायला गेलो तेव्हा मालकांनी ती आधीच स्टार्ट करून ठेवली होती. ‘तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली,’ म्हणाले. वर आल्याचा चहा. मला तो पाहुणचार वाटला. पाच आठवड्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. टो करून आणलेली गाडी फिटरने उघडली. हेडचं पॅकिंग (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलेलं, हेडही वाकलेलं. लेथवर हेड फेसिंग (घासून सपाट करणं), नवं पॅकिंग, नवे बोल्ट, नवा रेडिएटर, मजुरी असं सगळं धरून अडतीस हजार गेले. फिटरने विचारलं, ‘गार असताना स्टार्ट करून बघितली होती का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर स्वतःसाठी दोन आणि नातेवाइकांसाठी बऱ्याच गाड्या बघितल्या. मी मेकॅनिक नाही. पण एक क्रम पक्का बसला आहे: आधी गार इंजिन, मग पहिला स्टार्ट, मग गरम होताना, मग चढावर, आणि शेवटी बंद करून पुन्हा स्टार्ट. इंजिनचे बरेचसे आजार यांपैकी एखाद्याच टप्प्यावर दिसतात आणि पुढच्या टप्प्यात लपतात. म्हणून क्रम बदलू नका.

आदल्या दिवशीचं काम

फोनवरच सांगा, ‘सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका, रात्री जिथे लावली तिथेच राहू द्या.’ काही विक्रेते यावरच कुरकुर करतात. ‘गाडी एकदम कडक आहे, कधीही बघा’ म्हणणारा माणूस सकाळी सातला नको म्हणत असेल तर काय समजायचं ते समजा.

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवाहन अ‍ॅपवर टाका. कितवा मालक, पीयूसी, इन्शुरन्स, कर्जाचा बोजा हे दिसतं. गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची होती का, हेही विचारा आणि आरसीवर बघा. टी परमिटवरून, म्हणजे टॅक्सीवरून, खासगी केलेली गाडी घेऊ नये असं नाही, पण तिच्या मीटरवरच्या साठ हजारांवर विश्वास ठेवू नये.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर मालकाला तिथून सर्व्हिस रेकॉर्ड काढायला सांगा. त्यात शिक्के नव्हे, तारखा आणि किलोमीटर बघायचे. ऑइल किती अंतराने बदललंय? मधली दीड-दोन वर्षं गायब आहेत का? एका नोंदीत ८१ हजार आणि पुढच्या नोंदीत ६४ हजार असा चमत्कार आहे का? मी असा चमत्कार एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. मालकाने तो स्वतःच माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, न वाचता.

इंजिनमधल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ टायमिंग बेल्ट किंवा चेन राखते. त्या मॉडेलला बेल्ट आहे की चेन, हेही आधीच शोधून ठेवा. मारुतीच्या के सिरीजला चेन आहे, जुन्या स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनला चेन आहे. पण ८०० सीसीच्या अल्टोला बेल्ट, डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट, पोलो-व्हेंटोच्या १.५ डिझेलला बेल्ट, जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेललाही बेल्ट. बेल्ट ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून चाला आणि तो खर्च किमतीतून वजा करा.

बरोबर काय न्यायचं? चांगला टॉर्च, पांढरं सुती फडकं, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा, लांब स्क्रूड्रायव्हर, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं छोटं यंत्र), आणि धूर बघायला मागे उभा राहील असा एक माणूस. हा माणूस गाडी आवडलेला नसावा. माझा मेहुणा यासाठी उत्तम आहे, त्याला कुठलीच गाडी आवडत नाही.

पोचल्यावर आधी हात लावा

नमस्कार-चमत्कार झाल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवणं. मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावायचा. रात्रभर उभी असलेली गाडी हाताला गारच लागते. पाइप कोमट असेल तर हसून सांगा, ‘संध्याकाळी येतो’ किंवा ‘उद्या येतो’. खरंच परत जा. त्या दिवशी बाकी काहीही बघण्यात अर्थ नाही.

गाडी उभी आहे तिथली जमीन बघा. काळे ताजे डाग ऑइलचे, हिरवे किंवा गुलाबी ओघळ कूलंटचे. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको. इंजिनखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि शेवटी काढा.

आता इंजिन बे. धुऊन पॉलिश मारलेलं, लखलखीत इंजिन बघून खूश होऊ नका. दहा वर्षांच्या गाडीवर थोडी सुकी धूळ असणं हीच चांगली खूण. धुतलेल्या इंजिनवर गळती दिसत नाही, म्हणूनच कित्येक जण धुतात. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेला थोडं ऑइल पाझरलेलं असेल तर ते पॅकिंग स्वस्तात बदलतं. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे खालून ओलं दिसलं तर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलेलं असू शकतं. सील किरकोळ किमतीचं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

डिपस्टिक, ऑइलचं झाकण, कूलंट

डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, फडक्याला पुसा, पुन्हा पूर्ण घालून काढा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर दोनच शक्यता: इंजिन ऑइल खातंय किंवा मालक बघत नाही. दोन्ही वाईटच. वरच्या खुणेच्या वर असेल तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा किंवा डिझेलचा उग्र वास आला तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायची प्रक्रिया सारखी अर्धवट राहिली तर असं होतं. फक्त शहरात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत वापरलेल्या बीएस ६ डिझेलकडे मी म्हणूनच जरा संशयाने बघतो.

रंगावरून घाईने निकाल देऊ नका. डिझेलचं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं, तो दोष नव्हे. उलट जुन्या डिझेलमध्ये सोनेरी, कोरं करकरीत ऑइल दिसलं तर ‘कधी बदललं आणि का?’ असं विचारा. ऑइल दोन बोटांत चोळून बघा. कंपनीने पातळ ऑइल सांगितलेलं असताना बोटाला मधासारखं घट्ट लागलं, तर आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल भरलेलं असू शकतं. कणी लागली, किंवा उन्हात धरल्यावर चमचमलं, तर ते धातूचं चूर्ण आहे. तिथून निघा.

मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. तिथे फेसाळ, दुधाळ थर असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र येतंय. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला बाष्पामुळे थोडा पिवळसर थर धरतो, तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. पण डिपस्टिकवरचं ऑइलही कॉफीसारखं दिसत असेल तर हेडचं पॅकिंग गेलं असं धरा. झाकणाखाली टॉर्च मारला की आतला कॅमशाफ्ट किंवा रॉकर दिसतो. तिथला धातू हलका तपकिरी असेल तर ऑइल वेळेवर बदललं गेलंय. डांबरासारखा काळा चिखल साठला असेल तर सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेलं असो, ती गाडी उपाशी ठेवलेली आहे.

कूलंट गार असतानाच बघायचं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं काहीही चालेल, फक्त ते कूलंट हवं. टाकीत विटकरी पाणी असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय आणि आतून गंज धरलाय. पाण्यावर तेलाची तवंग दिसली तर तिथेच थांबा.

आपल्याकडची एक खास सवय सांगतो. गाडी गरम व्हायला लागली की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅटच (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. ‘आता गरमच होणार नाही बघा!’ गरम होत नाही हे खरं, पण इंजिन योग्य तापमानालाही पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. हे बाहेरून दिसत नाही, पुढे स्कॅनरवर पकडता येतं.

बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ची मुंबई, ऑगस्ट २०१९चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१चं चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला येतात. तेव्हा गाडी कुठल्या जिल्ह्यात होती आणि त्या वर्षी इन्शुरन्सचा मोठा क्लेम झाला होता का, हे विचारा.

इंजिनात पाणी शिरलेलं असताना कोणी स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी काही महिने चालतेही. खुणा शोधायच्या त्या अशा जागी, जिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही: एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी चिखलाची रेघ, अल्टरनेटरच्या मागे सुकलेला गाळ, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा पट्टा स्वच्छ आणि आतला शेवटचा हातभर मातकट असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते तिथेच कळतं.

किल्ली अर्धी फिरवा

स्टार्ट करायच्या आधी फक्त इग्निशन ऑन करा. चेक इंजिन, ऑइल प्रेशर, बॅटरी, सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा ऑन केल्यावर लागलाच नाही, तर आनंद मानू नका. कोणीतरी तो बल्ब काढलेला असू शकतो. काही जण तो दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडतात, मग तो त्या दिव्याबरोबरच लागतो आणि विझतो. मी बघितलेल्या एका गाडीत ऑइलचा आणि चेक इंजिनचा असे दोन्ही दिवे अगदी एकाच क्षणी विझत होते. मेहुण्याच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

पहिला स्टार्ट

आता स्टार्टर तुम्ही मारा, मालकाला मारू देऊ नका. काच खाली, रेडिओ बंद, एसी बंद, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून बाजूला. चांगलं इंजिन एक-दोन सेकंदांत उचलतं. सेल्फ बराच वेळ फिरत राहिला तर पेट्रोलमध्ये फ्युएल पंप किंवा प्लग, डिझेलमध्ये ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कम्प्रेशन. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ मंद फिरतो. तो आवाज वेगळा असतो, त्यावरून इंजिनला दोष देऊ नका.

मागे उभ्या माणसाने सायलेन्सरकडे बघायचं. तीन रंग लक्षात ठेवा.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो कधी येतो यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं. रात्रभर उभ्या गाडीने स्टार्टला एक निळा झोत टाकला आणि मग बंद झाला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झाली आहेत आणि रात्रभर थेंबथेंब ऑइल खाली उतरलंय. हा खर्च बेताचा. पण रेस केल्यावर आणि चढावर सतत निळा धूर मारत असेल तर रिंग-पिस्टनचं काम आलं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन, अर्धं इंजिन उघडून दुरुस्ती. टर्बो गाडीत टर्बोचं सील गेलं तरी निळाच धूर येतो.

पांढऱ्याने माझा घात केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून वाफ निघते, दोन थेंब पाणीही टपकतं. ती वाफ लगेच विरते आणि दोन-चार मिनिटांत बंद होते. पॅकिंग गेलेल्या इंजिनचा पांढरा धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो, त्याला गोडसर वास असतो आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाही. पॅकिंगची सुरुवातच असेल तर मात्र तो फक्त गार स्टार्टला दिसतो. रात्रभरात थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं, स्टार्टला जळतं, मग धातू तापून फुगला की फट मिटते. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं आणि मी चहा पीत होतो. शंका आली तर आणखी एक खूण: स्टार्ट केल्यावर मिनिटभरात, पाणी अजून गार असताना, वरचा होज पाइप दाबून बघा. इतक्यातच टणक लागला तर सिलिंडरची हवा कूलंटमध्ये घुसते आहे. गॅरेजमध्ये एक निळं द्रव असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून तपासतात. जळलेला वायू येत असेल तर द्रव पिवळं-हिरवं पडतं. दहा मिनिटांचं काम आहे, शंका असेल तर करूनच घ्या.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. जुनं डिझेल रेस केल्यावर थोडा काळा धूर टाकतंच. सतत टाकत असेल तर चोक झालेल्या एअर फिल्टरपासून बिघडलेल्या इंजेक्टरपर्यंत काहीही निघेल. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवा. बोट काजळीने काळं झालं तर डीपीएफ फुटलेला किंवा कापून काढलेला असण्याची दाट शंका आहे. अशी गाडी घेऊ नका.

कान लावून

गार स्टार्टला पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट आला तर टायमिंग चेन सैल झाली आहे किंवा तिचा टेन्शनर थकला आहे. वरच्या बाजूने शिलाई मशिनसारखी बारीक टकटक येते ती टॅपेटची. गरम झाल्यावर ती कमी होत असेल तर फार मनावर घेऊ नका. खालून, पोटातून येणारा जड ठोका मात्र वेगळा असतो. रेस दोन हजारांपर्यंत नेऊन सोडली की तो ‘ठक-ठक-ठक’ असा स्पष्ट येतो. ते बेअरिंग आहे, आणि त्याचा अर्थ फुल इंजिन, म्हणजे पूर्ण इंजिन उघडून दुरुस्ती.

फिटर लोक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावतात. तुम्हीही करून बघा, आवाज कुठून येतोय ते चक्क ऐकू येतं. फक्त सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आणि बोटं पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब ठेवा.

इंजिन गरम होत जाईल तसा आरपीएम बाराशेच्या आसपासून सातशे-नऊशेवर स्थिरावला पाहिजे. काटा वरखाली झुलत असेल, किंवा सायलेन्सरपाशी हात धरल्यावर ‘भुस-भुस-थांब-भुस’ असा मधेच खंड पडत असेल तर गाडी मिसिंग करते आहे, म्हणजे एखादा सिलिंडर मधेमधे पेटत नाही. मग एसी लावा. आरपीएम जरा दबून पुन्हा जागेवर आला पाहिजे. सगळी गाडीच थरथरायला लागली तर इंजिनची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसवतात ती रबरं) गेलेली असू शकतात. तो इंजिनचा दोष नव्हे, पण भाव करायला उपयोगी पडतो.

बॅक कम्प्रेशन

गॅरेजमधला हा लाडका शब्द. इंजिन आयडलवर असताना डिपस्टिक थोडी वर ओढा, किंवा ऑइलचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवा. झाकण थोडं थरथरेल, हलकी हवा लागेल, हे साहजिक आहे. पण झाकण उडू बघत असेल, रेल्वे इंजिनसारखे धुराचे लोट येत असतील, तर रिंगांतून वायू खाली निसटतोय, म्हणजे बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासला आहे. काही पेट्रोल इंजिनांत झाकण उघडल्यावर इंजिन अडखळतं, कारण ते आतून हवा ओढत असतं. तो दोष नव्हे. झाकण उघडं ठेवून रेस मात्र करू नका, गरम ऑइल शर्टवर येतं. माझा एक शर्ट त्यात गेला.

स्कॅनर

भारतात एप्रिल २०१३नंतर बनलेल्या गाड्यांना ओबीडी २चा सॉकेट असतो, स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या आसपास. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की झालं. बहुतेक जण त्यावर फक्त फॉल्ट कोड बघतात आणि ‘कोड नाही’ म्हणून समाधानी होतात. कोड तर कोणीही एका बटणात पुसतो. खरी मौज पुढे आहे.

कोड पुसले की त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात. अ‍ॅपमध्ये ‘रेडिनेस’ नावाचं पान उघडा. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तो आकडाही बऱ्याच गाड्यांत मिळतो. एका गाडीत तो ३ आला. मालकांचं घर आणि कोपऱ्यावरचं गॅरेज यांतलं अंतर साधारण तेवढंच होतं.

कूलंटचं तापमानही इथेच बघा. डॅशबोर्डवरचा काटा ढोबळ असतो, कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच नाही. गरम इंजिनला ते ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान राहावं. हायवेला लागल्यावर ६०-६५वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा तो काढून टाकण्याचा उद्योग झालाय. उभ्या गाडीत तापमान चढू लागल्यावर रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू होतो का, आणि थोड्या वेळाने बंद होतो का, तेही पाहा. हे एसी बंद ठेवून बघायचं, कारण एसी लावला की फॅन तसाही फिरतो.

चढावर न्या

सोसायटीभोवती एक चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. निदान अर्धा तास हवा आणि चढ हवा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, नाशिककरांना कसारा, कोल्हापूरच्या लोकांना जोतिबाचा रस्ता. गाडीत तीन-चार माणसं बसवा, एसी लावा आणि तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. पिकअप सलग यावा. मधेच अडखळणं, टर्बो लागायच्या वेळी शिट्टी वाढून ताकद न वाढणं, कडकड असा नॉकिंगचा आवाज, हे सगळं इथेच बाहेर येतं. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असं झालं तर मात्र तो क्लच आहे, इंजिन नव्हे.

उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा, अर्धा किलोमीटर तशीच येऊ द्या, मग एकदम दाबा आणि आरशात बघा. मागे निळा ढग उठला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड संपलेत. गार स्टार्टला हुकलेला दोष इथे हमखास सापडतो.

परत आल्यावर गाडी पाच मिनिटं चालू ठेवून उभी करा. गरम आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकला तर बेअरिंग किंवा ऑइल पंप झिजलाय, आणि व्यवहार तिथेच संपवा. मग बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा स्टार्ट करा. डिझेलचा थकलेला हाय प्रेशर पंप किंवा इंजेक्टर गार असताना सुरळीत चालतात आणि गरम झाल्यावर उचलायला त्रास देतात. शेवटी खालचा पुठ्ठा काढून बघा.

सीएनजी असेल तर

गाडी पेट्रोल आणि गॅस अशा दोन्हींवर चालवून बघा. गॅसवर सुरळीत आणि पेट्रोलवर अडखळते, हे फार आढळतं, कारण महिनोन्‌महिने पेट्रोल वापरलेलंच नसतं आणि इंजेक्टर चिकटलेले असतात. गॅसला वंगण नसतं आणि उष्णता जास्त, त्यामुळे बाहेरून किट बसवलेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात. अशा गाडीची कम्प्रेशन टेस्ट न करता घेऊ नये. किटची नोंद आरसीवर हवी आणि गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली हवी.

फिटरला पैसे देऊन न्या

इथवर गाडी पास झाली असेल तर स्वतःच्या ओळखीच्या फिटरकडे न्या, विक्रेत्याच्या नव्हे. त्याला कम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. पेट्रोलमध्ये प्लग काढून गेज लावतात. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, साधारण दीडशे ते दोनशे पीएसआय. डिझेलचा त्याच्या दुपटीहून जास्त. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. चारही जवळपास सारखे हवेत, दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. प्लग बाहेर आलेच आहेत तर ते ओळीने मांडून बघा. बिस्किटी रंग उत्तम, एकच ओला काळा असेल तर त्या सिलिंडरात ऑइल उतरतंय. डिझेलसाठी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट सांगा. नळ्यांना बाटल्या लावून प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते मोजतात, आणि कुठला थकलाय ते डोळ्यांनी दिसतं.

विक्रेता टेस्टला नाही म्हणाला तर मी भांडत नाही. धन्यवाद म्हणून निघतो.

टोकन द्यायच्या आधी

इंजिन ब्लॉकवर कोरलेला नंबर आरसीशी अंकन्‌अंक ताडून बघा. ग्रीस खरवडून, टॉर्च मारून, मोबाइलवर फोटो काढून. इंजिन बदललेलं असेल आणि आरटीओत नोंद नसेल तर नाव ट्रान्सफर करताना अडकाल. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी नको.

दोष सापडले म्हणून गाडी सोडायचीच असं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, फाउंडेशन, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट यांचा अंदाज फिटरकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मालकासमोर ठेवा. ‘जरा कमी करा ना’पेक्षा त्या कागदाचं वजन जास्त पडतं. हेड, बेअरिंग, रिंग-पिस्टन यांवर मात्र घासाघीस करू नका, कारण इंजिन उघडल्याशिवाय त्या खर्चाचा आकडा कोणालाच सांगता येत नाही.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, तिन्ही फिल्टर आणि कूलंट बदला. नव्या ऑइलची पातळी डिपस्टिकवर कुठे आहे त्याचा फोटो काढा, पाचशे किलोमीटरला एक आणि हजारला एक. तिन्ही फोटो सकाळी, त्याच जागी, इंजिन गार असताना.